एका वाक्याची दुरुस्ती

आमच्या महाविद्यालयातून ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला बंदी आली, ही बातमी मला स्टाफरूममध्ये चहा पिताना कळली. वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. संगणक प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्रावरून ‘संपादन’वर टिचकी मारली की एक लाल चौकट उघडायची. या जोडणीवरून मोठ्या प्रमाणात प्रताधिकारभंग झाल्यामुळे संपादन थांबवले आहे, असं तिच्यात लिहिलेलं असायचं.

मी यवतमाळला मराठी शिकवते. हे सगळं घडलं तेव्हा मी विद्यापीठाच्या पेपरतपासणीसाठी अमरावतीला होते. डिसेंबरात आमच्या प्राचार्यांनी ‘मराठी लेखन पंधरवडा’ असा एक उपक्रम काढला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ज्ञानकोशात एक लेख टाकायचा आणि त्याचे अंतर्गत गुण मिळवायचे. फलक छापला, फोटो काढले, आणि मुलांनी गुणांसाठी मुलं जे करतात तेच केलं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या उतरवल्या, देवस्थानांच्या संकेतस्थळांवरचा मजकूर चिकटवला. एकाने कपाशीच्या बोंडअळीवर गाईडमधलं अख्खं प्रकरण टाकलं होतं, त्यात शेवटचे ‘सरावासाठी प्रश्न’ही तसेच राहिले होते. दुसऱ्याने आपल्या काकांवर लेख लिहिला होता. काका ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि पहिल्याच ओळीत ते ‘विकासाचा महामेरू’ झाले होते.

हा कचरा उपसायला बसले ते ज्ञानकोशाचे स्वयंसेवक. नोकरी, घरसंसार सांभाळून फुकट काम करणारी ही माणसं. त्यांनी बहुतेक लेख काढून टाकले आणि शेवटी आमचं दारच लावून घेतलं.

प्राचार्यांनी मला बोलावलं. “मॅडम, मराठी विभाग तुमचा. आता हे तुम्हीच निस्तरा. मूल्यांकनाची समिती येऊन राह्यली. अहवालात लेखांचा आकडा टाकायचा होता.”

“सर, ते लेख आपले नव्हतेच.”

“पोरायनं टाइप तर केले ना?”

त्यांच्यावर रागावणं सोपं होतं, पण प्रयोगशाळेतला एकेक संगणक त्यांनीच खेटे घालून मिळवला होता, हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, “निस्तरते, पण माझ्या पद्धतीनं. गुण देणार नाही. सक्ती करणार नाही. आणि मला आकडा विचारायचा नाही.”

“मग पोट्टे येतीन कायले?”

“ज्यांना यायचं ते येतील.”

त्यांनी हात झटकले. मी ती परवानगी समजले.

घरी येऊन मी स्वतःचं खातं उघडलं. ज्ञानकोशात प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं. लेखात काय ठेवावं, काय काढावं यावर लोक तिथे उघडपणे बोलतात. तसंच पान प्रत्येक सदस्याचंही असतं. आमच्यावर बंदी घालणाऱ्या सदस्याच्या पानावर मी लिहिलं की मी या महाविद्यालयात शिकवते, मुलांना काही न शिकवता लिहायला बसवलं गेलं, आता काय करू ते सांगा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. “माफीची गरज नाही. उरलेला कचरा तुमच्या मुलांनी शोधून दिला तर आमचा वेळ वाचेल. नवे लेख त्यानंतर.” एवढंच.

मला ते उत्तर आवडलं. कामाच्या माणसाचं होतं.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत या, अशी सूचना मी फलकावर लावली. मोजकीच मुलं आली. बाभुळगावचा एक उंच मुलगा होता. सगळ्या गोष्टींवर त्याच्याकडे तोडगा तयार असायचा. नेरच्या दोन मैत्रिणी होत्या, त्या कुठेही जोडीनेच जायच्या. आणि एक मुलगी होती मुकुटबनकडची. तिथून आत एका कोलाम पोडावर तिचं घर. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. ती इथे मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. इथेही ती कोपऱ्यातल्या यंत्रापाशी जाऊन बसली.

आम्ही जानेवारीभर एकही नवा शब्द लिहिला नाही. आपल्याच वर्गमित्रांचे उरलेले लेख उघडायचे, कुठून उचललंय ते शोधायचं आणि मी ते घरून चर्चापानावर कळवायचं, एवढंच काम. बाभुळगावचा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, मोबाइलच्या नेटवरून बंदी लागत नाही. मी पाहून घेतलं. आपणच काढून टाकू ना डायरेक्ट.”

“नाही. बंदी घातली त्यांनी, काढतीन तेच.” मुलांशी समोरासमोर बोलताना माझ्या तोंडी घरची बोली येते. वर्गातलं मराठी बाजूला राहतं.

प्राचार्य एकदा डोकावून गेले. पाहणीत काय दाखवायचं, हीच त्यांची चिंता होती. “साफसफाईचा फोटो कसा काढता मॅडम?” त्यांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते.

महिना संपता संपता बंदी उठली. स्वतःच्या खात्यातून लिहिणाऱ्यांना आता महाविद्यालयातूनही लिहिता येणार होतं. मी मुलांना धूळपाटी दाखवली. लेख सर्वांसमोर जाण्याआधी सराव करायच्या जागेला ज्ञानकोशात धूळपाटी म्हणतात. तिथे मुलांनी दुसऱ्याचं वाचून आपल्या शब्दांत लिहायची सवय केली. नेरच्या मैत्रिणींनी आपल्या गावच्या कापूस बाजारावर चार ओळी लिहायला सगळी दुपार घेतली, कारण प्रत्येक ओळीला छापील संदर्भ हवा होता आणि त्यांना सगळं नुसतं माहीत होतं. त्या वैतागल्या, पण उठल्या नाहीत.

अशातच एका शनिवारी मी आले तेव्हा मुकुटबनची मुलगी यंत्र बंद करून बसली होती.

“काय झालं?”

“काही नाही मॅडम.”

नेरच्या दोघींपैकी एकीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “तिले वार्निंग आली.”

मी यंत्र लावायला सांगितलं. तिने कोलाम समाजावरचा लेख उघडला होता. लेख तसा लहानच. त्यात एक वाक्य होतं की हे लोक स्वभावतः आळशी असून त्यांना शेतीत गोडी नाही. खाली संदर्भ होता इंग्रजांच्या काळातल्या एका अधिकाऱ्याने लिहिलेल्या जुन्या ग्रंथाचा, पृष्ठक्रमांकासह. मुलीने ते वाक्य काढलं होतं. कोणीतरी परत आणलं. तिने पुन्हा काढलं, ते पुन्हा परत आलं. मग तिच्या पानावर सूचना आली की संदर्भ असलेला मजकूर कारण न देता वारंवार काढल्यास खातं रोखलं जाईल. सूचना देणारा सदस्य तोच होता, ज्याने आमच्यावर बंदी घातली होती.

“तू काढलंस?” मी विचारलं.

“हाव.”

“कारण काय लिहिलं?”

“कारण कायले लिहायचं? खोटं आहे थे.” तिचा आवाज चढला नव्हता. “माहा बाबा पहाटे वावरात जाते तो अंधार पडल्यावर येते. आता तूर काढाले मले बोलावून राह्यले, मी परवा चालली. अन् हे म्हणते आळशी.”

“तुला माहीत आहे. पण तिथं आपलं माहीत असणं चालत नाही. छापलेलं लागते.”

“मंग आमच्याबद्दल ज्यानं छापलं त्याचंच खरं?”

महिनाभर मी मुलांना हाच नियम शिकवत होते. स्वतःच्या मनचं लिहू नका, संदर्भ द्या. कापूस बाजाराच्या बाबतीत तो नियम साधा, समजूतदार वाटत होता. या मुलीसमोर तोच नियम उच्चारताना तो मलाच पटेना. आमच्या घरात वडील, काका, आजोबा सगळे कचेरीत. आमच्यासारख्यांच्या बाबतीत काय छापलं गेलं याची चिंता आम्हाला कधी करावी लागली नाही, कारण छापणारे बहुतेक आमच्यातलेच होते.

“नाही,” मी म्हटलं. “त्याचंच खरं असं नाही. पण ते खोटं आहे हे आपल्याला दाखवावं लागेल.”

ती दप्तर आवरून निघून गेली. सोमवारी वसतिगृहातून कळलं, ती गावी गेली.

ती नसताना उंच मुलाने तोडगा काढला. “मॅडम, आपण इतके जण आहो. रोज एकेकानं थे वाक्य उडवाचं. थो एकटा किती वेळा टाकीन? थकन.”

“अन् सगळ्यायचं ठरवून चाललंय हे तो ओळखणार नाही?”

“मंग दुसरं आहे. माह्या काकाचं न्यूज पोर्टल आहे. कोलाम समाज लय मेहनती आहे अशी बातमी लावाले सांगतो. आज लावली का उद्या आपल्याले संदर्भ तयार.”

नेरच्या मुली हसल्या. त्यांना ते पटलं होतं, हे त्यांच्या हसण्यातच दिसत होतं. मी त्या दुपारी नाही म्हटलं, पण का नाही हे मला त्यांच्या गळी उतरवता आलं नाही. वाक्य वाईट आहे हे सगळ्यांना मान्य होतं. मग ते कसं का जाईना.

ते गळी उतरवलं त्या मुलीनेच. तूर निघाल्यावर ती परत आली. हातांवर तुरीच्या खुंटांचे ओरखडे होते. मैत्रिणींनी तिला पोर्टलची युक्ती सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि त्या मुलाला विचारलं, “तुह्या काकानं आमचं पोड पाह्यलं?”

“नाही. पाह्याले कायले पाहिजे? चांगलंच तर लिहून राह्यला.”

“त्या साहेबानं न पाहता वाईट लिहिलं, तुहा काका न पाहता चांगलं लिहीन. मले असं नोको.”

त्यानंतर तो मुलगा तिच्या शेजारच्या यंत्रावर बसायला लागला आणि इंग्रजी संदर्भ शोधून देऊ लागला. ते काम त्याला खरंच चांगलं यायचं.

मी ठरवलं की आधी तो जुना ग्रंथ डोळ्यांनी पाहायचा. दुसऱ्याने दिलेल्या संदर्भावर भांडण्याआधी तो वाचलेला असला पाहिजे. ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता. मी पत्र दिलं, दिवस ठरवला आणि मुलीला घेऊन अमरावतीच्या एस.टी.त बसले. नेरला बस थांबली तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. ती खिडकीतून पाहत होती. “आमच्याकडचा कापूस वणीकडं जाते,” ती म्हणाली. वाटेत तेवढंच बोलली.

माझ्या मनात एक आशा होती, ती सांगायला हरकत नाही. मला वाटत होतं, मूळ ग्रंथात तसं काही नसेल. कोणीतरी अर्धवट उतरवलं असेल, आम्ही पान उघडू आणि प्रश्न मिटेल. ग्रंथालयाच्या लांब टेबलावर ग्रंथ आला. तिने स्वतः पान काढलं आणि इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत हळूहळू वाचलं. अडलं तिथे मला विचारलं. वाक्य होतं. ज्ञानकोशात होतं त्याहून कडक शब्दांत होतं.

मला वाटलं, रडेल. पण ती पानं मागे उलटून सुरुवातीची प्रस्तावना वाचायला लागली. प्रस्तावनेत त्या अधिकाऱ्याने आपल्या दुभाष्याचे आभार मानले होते.

“म्हणजे यायले आमची भाषा येत नोती,” ती म्हणाली. “हे लिहू ना मॅडम? भाषा येत नोती म्हणून याचं चुकलं, असं?”

“भाषा येत नव्हती हे त्यांनीच लिहिलंय. म्हणून चुकलं, हे तू लिहून राह्यली. तुझा विचार बरोबर असेल. पण ज्ञानकोशात आपला निष्कर्ष चालत नाही. कोणी अभ्यासकानं तसं लिहिलं असेल तर त्याचं नाव घेऊन लिहिता येते.”

“सगळ्यालेच कुलूप आहे,” ती म्हणाली.

“म्हणूनच तर काकाची बातमीही चालत नाही.”

ती हसली नाही, पण उठलीही नाही. आम्ही यादीतून झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांवरचं जे सापडलं ते मागवलं. दुपारी कँटीनमध्ये पोहे खाऊन पुन्हा बसलो. संध्याकाळची बस धरायच्या आधी तिच्या हाती एक प्रबंध लागला. कोलामांच्या शेतीवर होता. संशोधकाने पोडांवर राहून लिहिलेला, मराठीत. पेरणी-निंदणीला घरं मिळून एकमेकांच्या वावरात कशी राबतात, कोरडवाहू जमिनीत काय काय मिसळून पेरतात, हे सगळं पानोपानी होतं. आळस हा जुना शिक्का का चुकीचा आहे, याचाही एक परिच्छेद होता.

तिने तो परिच्छेद वाचला. मग सुरुवातीच्या पानांवरची गावांची नावं वाचली. शेजारच्या पोडाचं नाव होतं. “इथं माही आत्या राह्यते,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

मला वाटलं, आता काम झालं. पण तसं झालं नाही. प्रबंध मिळाला तरी ग्रंथ खोटा ठरत नव्हता. एक म्हणतो आळशी, दुसरा म्हणतो कष्टाळू. आपल्याला आवडतं ते ठेवून नावडतं काढायचं, असं त्या सदस्याने करू दिलं नसतं. मी जेवताना हे वडिलांना सांगितलं. ते नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. टिपणी लिहिण्यात त्यांचा जन्म गेला.

ते म्हणाले, “वाक्य काढायचं कशाला? कोण म्हणालं ते लिहा. आम्ही कधी ‘जमीन पडीक आहे’ असं लिहीत नव्हतो. ‘जमीन पडीक असल्याचे तलाठ्याचे म्हणणे आहे’ असं लिहायचो. मग तलाठी जाणे.”

शनिवारी मी हे मुलीला सांगितलं. तिला ते मुळीच आवडलं नाही. तिला वाक्य पुसूनच टाकायचं होतं. आम्ही बराच वेळ बोललो. “पुसलं तर उद्या दुसरा कोणी तेच पुस्तक उघडून परत टाकीन,” नेरची एक मुलगी म्हणाली. “तिथंच ठेवून त्याचं उत्तर बाजूले ठेवलं तर कोणी टाकणार नाही.” हे मुकुटबनच्या मुलीला पटलं असावं. ती लिहायला बसली.

लेखाला तिने हात लावला नाही. चर्चापानावर लिहिलं. पहिलं वाक्य तिने स्वतःच ठरवलं, मी सांगितलं नव्हतं. “मी स्वतः कोलाम समाजातील आहे, म्हणून हा बदल स्वतः न करता येथे मांडत आहे.” पुढे तिने जुन्या ग्रंथाचं पान दिलं, प्रबंधाचं पान दिलं आणि सुचवलं की ते वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडी घालून ‘इंग्रज काळातील नोंदी’ अशा वेगळ्या भागात न्यावं आणि शेतीच्या भागात नवं संशोधन यावं. आधी कारण न देता मजकूर काढला होता, तेही तिने लिहिलं. त्यात काकुळती नव्हती. मी फक्त एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

उत्तरं यायला वेळ लागला. पहिलं उत्तर दुसऱ्याच कोणाचं होतं. “भावना दुखावल्या म्हणून ज्ञानकोश बदलत नसतो.” उंच मुलगा चवताळला. त्याने काय लिहायचं ते मनात तयारही केलं होतं. मुलीने त्याला थांबवलं आणि लिहिलं, “मी भावनेचा उल्लेख केलेला नाही. पृष्ठक्रमांक दिले आहेत, कृपया पाहावेत.” मी तिच्या मागे उभी होते. तो कळफलक जुना होता, काही कळा दोनदा दाबाव्या लागत. तिने एकेक अक्षर दाबून ते लिहिलं.

मग तो जुना, कामाच्या माणसासारखा लिहिणारा सदस्य आला. त्याने प्रबंध कुठे पाहता येईल ते विचारलं, प्रबंध अप्रकाशित असल्याची शंका काढली, आणखी एखादा छापील संदर्भ मागितला. ही शंका रास्त होती. पुन्हा शोध सुरू झाला. याच संशोधकाचा एक लेख जुन्या नियतकालिकात छापून आल्याचं उंच मुलाने हुडकलं. मी माझ्या एका मैत्रिणीकडून तो अंक मिळवला. मुलीने तो संदर्भ जोडला. मध्ये परीक्षा आली, प्रात्यक्षिकं आली. ती अधूनमधून पान उघडून पाहायची आणि बंद करायची.

याच काळात प्राचार्यांनी अहवालाचा मसुदा माझ्याकडे सहीसाठी पाठवला. त्यात पंधरवड्यातल्या सगळ्या लेखांचा आकडा होता, काढून टाकलेले धरून. मी सही केली नाही. दुसरा मसुदा लिहिला. त्यात काय घडलं, बंदी का आली, मुलांनी काय साफ केलं आणि आता काय चाललंय ते होतं. तो घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, हे आपणच आपली बदनामी करून राह्यलो.”

“सर, ज्ञानकोशात प्रत्येक बदलाचा इतिहास सगळ्यांना दिसतो. समितीतल्या एकाने जरी उघडून पाहिलं, तर तो आकडा टिकणार नाही. हे टिकेल.”

त्यांनी दोन्ही मसुदे शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुन्हा लावला. “ठेवा,” म्हणाले. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. अहवाल गेला तो मात्र दुसरा मसुदा होता. समितीने त्यावर बरंवाईट काहीच म्हटलं नाही. पुढच्या वर्षी ज्ञानकोशाचे गुण मात्र कोणी लावले नाहीत.

उन्हाळा लागला होता तेव्हा एका सकाळी नेरच्या दोघींपैकी एकीचा मला फोन आला. “मॅडम, लेख पाहा.” मी मोबाइलवर उघडला. शेतीच्या भागात नवा मजकूर आला होता, दोन्ही संदर्भांसह. जुनं वाक्य वेगळ्या भागात गेलं होतं. त्याची सुरुवात आता अशी होती की इंग्रज काळातील एका अधिकाऱ्याने या समाजाविषयी पुढील मत नोंदवले होते. त्याखाली नंतरच्या संशोधकाचं म्हणणं होतं. बदल त्याच सदस्याने केला होता. मुलीच्या पानावर त्याने एक ओळ लिहिली होती. “तुमच्या धीराबद्दल आभार. हा लेख आता अधिक बरा आहे.”

शनिवारी ती आली तेव्हा मी विचारलं, “समाधान झालं?”

ती विचार करून म्हणाली, “वाक्य गेलं नाही.”

“नाही गेलं.”

“पन आता थो बोलते. ज्ञानकोश नाही बोलत.”

मला याहून नीट सांगता आलं नसतं.

लेखाला आता एखादं छायाचित्र हवं होतं. मुलांना तर फारच उत्साह. एका रविवारी आम्ही सगळे मुकुटबनला गेलो, तिथून तिच्या पोडावर. वावरं मोकळी झाली होती. तिच्या आईने आम्हाला काळा चहा दिला. शेजारच्या पोडावरून तिची आत्याही आली होती. आत्या ओसरीवर बसून बांबूच्या काड्या तासत होती आणि दुपारचं ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. उंच मुलाने मोबाइल काढला. मुलीने आपला काढला आणि एकच फोटो घेतला. अप्रतिम आला होता. ज्ञानकोशातल्या कुठल्याही लेखाला शोभला असता.

मग ती आत्यापाशी उकिडवी बसली आणि कोलामीत समजावू लागली. मला त्यातले ‘फोटो’ आणि ‘मोबाइल’ एवढेच शब्द कळले. बरंच समजावत होती. एकदा हात लांब करून तिने दूरवर दाखवलं. आत्याने मध्येच काहीतरी विचारलं. ती थोडी थांबली आणि मग मान हलवून उत्तर दिलं.

“काय विचारलं?” मी नंतर विचारलं.

“हा फोटो कोनी विकन का, असं. मी सांगतलं, हाव, विकू शकते. तठी टाकला का कोनालेही घेता येते, छापता येते, विकता येते. परत मांगता नाही येत.”

“मग?”

“मंग ती नाही म्हणते.”

नेरच्या मुली हळहळल्या. “तिले विकन म्हणून कायले सांगतलं?” उंच मुलगा म्हणाला. “कोन विकते?”

“विचारलं तिनं,” मुलगी म्हणाली.

तिने मोबाइल आत्यासमोर धरला आणि तिच्या देखत फोटो काढून टाकला. आत्याने ते पाहिलं, पुन्हा काडी हातात घेतली. मग कोलामीत काहीतरी म्हणाली आणि कोयत्याने कुंपणापलीकडच्या वावराकडे खूण केली. तिथे तुरीच्या तुराट्यांचा ढीग रचून ठेवला होता, बाजूला विहीर होती.

“काय म्हणाल्या?”

“म्हणते, वावराचा काढ. थे आमचंच आहे.”

आम्ही कुंपण ओलांडून गेलो. ऊन डोक्यावर होतं, सावल्या आखूड होत्या, फोटो साधाच येणार होता. तिने दोनतीनदा जागा बदलून काढला. मग विहिरीच्या कठड्यावर बसून तिथल्या तिथे त्याखाली काय लिहायचं ते ती मोबाइलवर लिहू लागली. गाव, तालुका, जिल्हा, वावर कोणाचं, आणि परवानगी कोणी दिली.